निकोचा ‘चेल्सी गर्ल’: गाणी इतरांची, मग अल्बम कोणाचा?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. निको या जर्मन गायिकेचा ‘चेल्सी गर्ल’ (१९६७) हा अल्बम सध्या मी पुन्हा पुन्हा ऐकते आहे. मुखपृष्ठावर नाव तिचे एकटीचे असले, तरी दहापैकी नऊ गाणी सर्वस्वी इतरांची आहेत आणि साथीलाही त्यांच्यापैकीच काही जण बसले आहेत. अशा वेळी हा कव्हर गाण्यांचा, म्हणजे इतरांनी आधी प्रसिद्ध केलेली गाणी पुन्हा गायलेला, अल्बम मानावा का? शिवाय निकोला स्वतःलाच तो आवडत नसे, असे वाचले. त्याचे कारण जाणकारांनी सांगावे.

उत्तर १:
‘कव्हर’ हा शब्द येथे फार थोड्या गाण्यांना लागू पडतो. बॉब डिलनचे ‘आय विल कीप इट विथ माइन’ जूडी कॉलिन्सने १९६५ मध्येच गायले होते, हे खरे. पण अमेरिकन गीतकार-गायक जॅक्सन ब्राउनचे ‘दीज डेज’ श्रोत्यांपर्यंत प्रथम पोहोचले ते निकोच्याच आवाजात, आणि ब्राउनने स्वतःचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले ते थेट १९७३ मध्ये. अवघ्या अठराव्या वर्षी त्याने या अल्बमसाठी गिटार वाजवली. तिच्या खर्जातल्या, जर्मन वळणाच्या आवाजामागे एकेक तार छेडत जाणारी ती इलेक्ट्रिक गिटार नीट ऐकावी. इतक्या कोवळ्या वयात लिहिलेले पश्चात्तापाचे शब्द निको कुठेही कंप न देता, सरळ सुरात गाते, आणि म्हणूनच ते खरे वाटतात. माझ्या मते गाणे ज्याने लिहिले त्याचे असतेच, पण ‘दीज डेज’वर निकोचाही तितकाच हक्क आहे.

उत्तर २:
नाराजीचे कारण बासरी. निको, ब्राउन, ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या रॉक बँडमधले लू रीड व जॉन केल आदींचे काम आटोपल्यावर निर्माता टॉम विल्सन याने लॅरी फॅलनकडून व्हायोलिन वर्गातील वाद्यांची आणि बासरीची रचना करवून घेतली व ती मूळ ध्वनिमुद्रणावर चढवली. निकोला ड्रम हवे होते, आणखी गिटार हव्या होत्या. त्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. अल्बम प्रथम ऐकला तेव्हा त्या बासरीमुळे आपल्याला रडू कोसळले, असे तिने पुढे सांगितले. गायिकेच्या नावावर निघणाऱ्या अल्बमात तिच्याच शब्दाला किंमत नसावी, याचे मला आजही वाईट वाटते. ‘इट वॉज अ प्लेझर देन’ हे सुमारे आठ मिनिटांचे गाणे मात्र या सजावटीतून सुटले. रीडची घोंघावणारी गिटार, केलचा व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) आणि त्यांच्यामधून वाट काढणारा निकोचा आवाज, एवढेच त्यात आहे. त्याच्या रचनेत निकोचा वाटा आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

उत्तर ३:
बासरीबद्दल सहमत आहे, परंतु व्हायोलिनना सरसकट दोष देणे मला पटत नाही. ‘द फेअरेस्ट ऑफ द सीझन्स’मध्ये ती आवाजाला छान पेलून धरतात. निकोच्या मनातले संगीत ऐकायचे असेल, तर मात्र १९६८ चा ‘द मार्बल इंडेक्स’ ऐकावा. त्यातली गाणी तिची स्वतःची, हार्मोनियमही तीच वाजवते आणि बाकीची वाद्यरचना केलची आहे. पुढे १९७४ मध्ये तिने ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडचे ‘द एन्ड’ त्याच नावाच्या अल्बमात गायले. ते मात्र अस्सल कव्हर आहे, आणि त्या अल्बमात ब्रायन इनो व फिल मॅन्झनेरा हे पाहुणे वादक आहेत.