गुहेला धुरी देऊन तोंड बुजवायचं चाललंय. आम्ही काय करावं?

दोरवाला_सातारा | २७ जून २०२१

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. मला खरंच सल्ला हवाय.

आमचा साताऱ्यातला सात जणांचा गट आहे. बारा वर्षं कड्यांवर दोर लावतोय आणि गेली पाच वर्षं गुहांचं वेड लागलंय. आपल्याकडे कोरलेली लेणी भरपूर, पण सह्याद्री बेसॉल्टचा असल्यामुळे नैसर्गिक गुहा थोड्याच. म्हणून ज्या आहेत त्यांचं अप्रूप. आमची लाडकी एक जावळीच्या बाजूला आहे. नाव आणि वाट मुद्दाम लिहीत नाही, कृपया विचारूही नका. तोंडाशी वाकून शिरायचं, मग पंधरा-वीस फूट सरपटत जायचं आणि पुढे छत एकदम उंच होतं. वर सगळी वाघळं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अजाणतेपणी हेडटॉर्चचा झोत थेट वर मारला आणि अख्खा थवा उठला. तो पंखांचा आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून आत शिरताना टॉर्चला लाल कागद लावतो आणि छताकडे उजेड नेत नाही.

मार्च २०२० पासून आम्ही तिकडे पाऊल टाकलेलं नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत गावाने वेशीवर काट्या टाकल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. डिसेंबरात अजिंठा-वेरूळ उघडली तेव्हा जीव थोडा हलला. एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद. आता १६ जूनपासून पुरातत्त्व खात्याची स्मारकं परत खुली झाली, तसा गटातल्या पोरांनी 'चला' लावलाय. सात जणांत फक्त दोघांचा लसीचा पहिला डोस झालाय.

आणि तेवढ्यात महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूचे पुरावे मिळाल्याची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी, ज्यांच्या घरी आम्ही पिठलं-भाकरी खातो त्या दादांचा फोन. "सर, तुमच्या गुहेला धुरी द्यायचं ठरतंय. वाघळं मेली-पळाली की तोंडाला दगडं लावणार."

रात्रभर झोप लागली नाही. आम्ही जावं का? गेलो तर गावाला काय सांगावं? वन्यजीव कायदा दाखवावा का?

एक लहानसा प्रश्न शेवटी. गेल्या वर्षी सगळीकडे हायपोक्लोराइटची, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक पाण्याची, फवारणी चालली होती, तेव्हा गटातल्या एकाने आमचा साठ मीटरचा नायलॉनचा दोर त्याच पाण्यात रात्रभर भिजवला. वरून ठीक दिसतो. वापरावा का?

---

पाकोळी | २७ जून २०२१

मी कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकते, वटवाघळांवरच काम आहे. तुमचा झोप न लागल्याचा भाग वाचून पटकन लिहायला बसले.

आधी बातमीचं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेच्या लोकांनी महाबळेश्वरजवळच्या एका गुहेत जाळी लावून वटवाघळं पकडली ती मार्च २०२० मध्ये. निबंध आता छापून आला. दोन जातींत पुरावे मिळाले. एक फळं खाणारं रुसेटस लेशेनॉल्टी, दुसरं किडे खाणारं चिमुकलं पिपिस्ट्रेलस. म्हणजे ही गोष्ट गेल्या आठवड्यात घडलेली नाही, सव्वा वर्ष जुनी आहे. मधल्या काळात महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नाही. भारतात निपाह माणसांत आला तो २००१ मध्ये सिलिगुडीत, २००७ मध्ये नदियात, आणि २०१८-१९ मध्ये केरळात. आणि कोविडचा निपाहशी काही संबंध नाही, हे दोन वेगळे विषाणू आहेत. गावात हे दोन्ही एकत्र झालेले असणार, आमच्याकडेही झालेत.

आता धुरीचं. कृपा करून थांबवा. धुराने वाघळं 'संपत' नाहीत. घाबरलेली, दमलेली वाघळं उडून जवळच्या आढ्यात, शाळेच्या छपरात, देवळाच्या शिखरात शिरतात. आज ती माणसांपासून लांब, डोंगराच्या पोटात आहेत, आणि धुरी दिली की आपणच त्यांना घरात बोलावतो. शिवाय मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, ते तिच्या पोटाला चिकटून असतं. घाईत उडताना ते खाली पडतं. एकदा मोडलेली वसाहत भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

कायदा दाखवू नका. वाईट वाटतं सांगताना, पण फळखाऊ वटवाघळं वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत आहेत, कावळे-उंदरांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्यांना मारायला मोकळीक आहे (ही २०२१ ची स्थिती; २०२२ च्या कायदा-दुरुस्तीने ती उपद्रवींची अनुसूची निघाली). गुहा राखीव वनात असेल तर तिथे आग लावणं हा वेगळा गुन्हा आहे, तेवढ्यापुरतं वनरक्षकांशी बोला. पण कागद पुढे करून गेलात तर एका रात्रीत तोंड बुजेल.

आणि तुम्ही आत जाऊ नये. तुम्हाला काही होईल म्हणून सांगत नाही, तुमच्यामुळे त्यांना काही होऊ नये म्हणून सांगतेय. माणसांतला कोविड वटवाघळांत गेला तर तो तिथे मुरून बसेल का, ही भीती खरी आहे. जगभरच्या वटवाघूळ-अभ्यासकांनी गेल्या वर्षीच आपापली कामं थांबवली किंवा कमी केली, मास्क-हातमोज्यांशिवाय जवळ जायचं नाही असं ठरवलं. माझंही क्षेत्रकाम बंद आहे. अमेरिकेत २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पांढऱ्या नाकाची बुरशी पहिल्यांदा दिसली. ती बहुधा युरोपातून माणसाच्या बुटा-कपड्यांवरून आली असं मानतात. लाखो वाघळं मेली. तेव्हापासून तिथले गुहावाले एका गुहेचा चिखल दुसऱ्या गुहेत नेत नाहीत. आपण ही शिस्त अजून शिकलेलोच नाही.

---

चुनखडी | २८ जून २०२१

दोराचं आधी सांगतो कारण त्यात जीव जाईल. तो दोर कापून टाका. तुकडे करा, म्हणजे कुणी चुकून उचलणार नाही. क्लोरीनने नायलॉन आतून कमजोर होतो आणि ते डोळ्याला दिसत नाही. दोर, हार्नेस, स्लिंग यांना फक्त कोमट पाणी आणि साधा साबण, सावलीत वाळवायचं, आणि मग तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. सॅनिटायझरही दोरावर ओतू नका.

मी पुण्याचा. २०२० च्या फेब्रुवारीत मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत होतो. तिकडे गुहेला 'क्रेम' म्हणतात. क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरहून लांब आहे, आणि तिच्यात दिवसभर चालूनही आपण नुसतं अंगण बघून आलो असं वाटतं. परत आलो आणि महिन्याभरात देश बंद. २०२१ चा हिवाळा मी घरीच काढला. मेघालयात गावाचा दरबार, म्हणजे गावसभा, हो म्हणाल्याशिवाय कुणी बाहेरचा गुहेत उतरत नाही. गाव नको म्हणालं की विषय संपला. आपल्याकडे आपण गावाला नुसतं 'जातोय' म्हणून सांगतो, विचारत कुठे? मीही नाही विचारलेलं.

अजून एक गोष्ट. तुमच्या त्या सरपटीच्या वाटेत कुणाचा पाय मोडला तर? स्ट्रेचर हातोहात सरकवत बाहेर काढायला वीस माणसं लागतात, एकमेकांच्या तोंडाशी तोंड करून, आणि मास्क तर त्या दमट हवेत दहा मिनिटांत ओला होतो. ती वीस माणसं गावातलीच असणार. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये गुहावाल्या लोकांनी याच कारणाने आपणहून उतरणं थांबवलं. बचाव करणारे सगळे स्वयंसेवक, त्यांना आजारी पाडायचं नाही म्हणून.

---

कोयनाकाठ | ३० जून २०२१

मी तुमच्या त्या गावचा नाही, पण पलीकडच्या खोऱ्यातला आहे. गावाची बाजूही लिहिली पाहिजे म्हणून लिहितो.

पहिल्या लाटेत मुंबईहून आलेल्या आमच्याच पोरांना आम्ही शाळेत चौदा दिवस ठेवलं. माझा सख्खा भाऊ त्यात होता. आई कुंपणापलीकडून डबा ठेवून मागे फिरायची, आणि तो पायऱ्यांवर बसून जेवताना ती लांबून बघत राहायची. दुसऱ्या लाटेत तरीही चार माणसं गेली, त्यातल्या एकाला साताऱ्यात बेड मिळेपर्यंत रात्र गेली. ज्या गावाने स्वतःची लेकरं शाळेत ठेवली, त्याला गुहा बुजवायला किती वेळ लागेल? ते अडाणीपणाने करत नाहीत. टीव्हीवर गुहा दिसली, वाघूळ दिसलं, आपल्या हातात दुसरं काय आहे, म्हणून करतात.

तुम्ही बॅनर घेऊन, टी-शर्ट घालून जाऊ नका. दोघंच जा, मास्क लावून, देवळासमोर बसा, आधी ऐकून घ्या. कोण गेलं ते विचारा. मग त्या ताईंनी लिहिलंय ते धुराचं सांगा, वाघळं घरात येतील ते. हे पटतं, कारण माळ्यावर पाकोळ्या शिरल्या की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या माणसांना उंबराचं विचारा. उंबर, जांभूळ कुठेही कड्याकपारीत उगवतं ते कुणी लावलं? वाघळांनीच. त्यांना माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. पडलेलं, चावलेलं फळ खायचं नाही, पोरांनी गुहेत जायचं नाही, मेलेलं वाघूळ हाताने उचलायचं नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

आणि तुम्हीही आत जाणार नाही हे आधी सांगा. तुम्ही जाणार आणि आमच्या पोरांना बंदी, हे चालणार नाही.

---

दोरवाला_सातारा | १२ जुलै २०२१

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण जाऊन येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दोर त्याच दिवशी कापला. बारा वर्षांतला सगळ्यात आवडता दोर होता.

गावात मी आणि डोस झालेला एक मित्र, असे दोघंच गेलो. कोयनाकाठ, तुमचं ऐकलं. पहिला तासभर आम्ही काहीच बोललो नाही. दादांचे चुलते मे महिन्यात गेले, हे आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. त्यांच्याच ओसरीवर आम्ही कितीतरी रात्री पथाऱ्या टाकल्यात. दीड वर्षात मी गुहेची आठवण रोज काढली आणि त्या घरी फोन एकदाही केला नाही. याची फार लाज वाटली, तिथेच तसं बोललो.

धुरीचं मग सोपं गेलं. एक आजीबाई म्हणाल्या, "गोठ्यात शिरली तर मी कुणाच्या नावानं बोंबलू?" आणि तिथेच निम्मं काम झालं. दगडं आणून टाकली होती, ती तोंडापासून लांब रचून आता आडोशाची भिंत केलीय, म्हणजे पोरं आणि गुरं आत शिरणार नाहीत आणि वाघळांना वरून वाट मोकळी. वनरक्षकांना बोलावून दाखवलं, त्यांची हरकत नाही. आमच्या गटाने लिहून दिलं की पुढचं सांगेपर्यंत आत कुणी उतरणार नाही, आणि 'पुढचं' गाव सांगेल. गटातले दोघं नाराज आहेत. त्यांचं वाईट वाटतं, पण यात बदल नाही.

त्या संध्याकाळी पावसाने तासभर उघडीप दिली. ओढ्याच्या अलीकडे, गुहेपासून चांगले शंभर पावलं लांब आम्ही दोघं आणि गावातली तीन पोरं अंतर ठेवून बसलो. अंधार पडायच्या जरा आधी पहिलं बाहेर आलं, मग दोन, मग धार लागली. पाच वर्षं आम्ही आत शिरून वर बघायचो, बाहेर बसून त्यांना निघताना कधी पाहिलंच नव्हतं. आभाळाच्या उजेडावर एकेक स्पष्ट दिसत होतं. आठवीतल्या एका मुलीने काडेपेटीतल्या काड्यांनी मोजणी लावली, दहाला एक काडी.

पाकोळी, आता तुम्हाला विचारायचंय. तिची मोजणी २३० झाली आणि माझी १९४. नंतर अंधार दाट झाला आणि मोजणं सोडावं लागलं. वहीत कुठला आकडा लिहायचा? का दोन्ही लिहायचे? आणि पुन्हा किती दिवसांनी मोजायचं? गणपतीच्या आत एकदा बसायचं तिने आत्ताच ठरवून टाकलंय.