मदत हवी आहे : लोकलमध्ये लघवी धरवत नाही

कळवेकरीण
रोज ठाण्याला नऊ नंबरवरून तुर्भ्याची गाडी पकडते. ऐरोली येईस्तोवर अशी लागते की रबाळ्याला उतरावंच लागतं. परवा तर उतरेपर्यंतही थांबली नाही. पाळीचा पॅड चालेल का, की वेगळा मिळतो? एवढंच सांगा. डॉक्टरकडे जा म्हणू नका, आठ वर्षं तेच करतेय. सोमवारी ऑडिट आहे, जरा लवकर.

नेरूळचा_बाबा
वय? शुगर? गोळ्या कोणत्या चालू?

घोडबंदरकर
प्रोस्टेट तपासा. मी रात्री चारदा उठायचो, आता एकदा. मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये काय हाल व्हायचे, माझं मला माहीत.

कळवेकरीण
काका, मी बाई आहे.

काढाप्रेमी
गोखरूचा काढा, सकाळ-संध्याकाळ. आमच्या मावशीला गुण आला.

नेरूळचा_बाबा
अहो, गोखरू मूत्रल! त्यांना थांबवायची आहे की वाढवायची?

काढाप्रेमी
तुम्ही वैद्य आहात का?

रुळावरचा
ऐरोलीच्या आधी दिघा गाव स्टेशन लागतं. 2024 पासून सुरू आहे. तिथे उतरून बघा.

कळवेकरीण
धन्य! शुगर नाही. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे, पण त्याचा इथे काय संबंध? सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही, तरी ही गत.

नेरूळचा_बाबा
हे आधी सांगायचं ना! सगळा संबंध तिथेच आहे. माझ्या बायकोला एमएस आहे. मेंदू आणि मूत्राशय यांच्यातले निरोप मज्जारज्जूतून जातात, तिथे बिघाड झाला की पिशवी भरायच्या आतच आवळते. नाहीतर पुरती रिकामीच होत नाही. पाणी तोडू नका, घट्ट लघवीने आणखी चुरचुरते. तोडायचाच तर सकाळचा दुसरा चहा तोडा. जाऊन आल्यावर मोकळं वाटतं का?

कळवेकरीण
नाही. दहा मिनिटांत परत. पायही या आठवड्यात जड झालेत, मला वाटलं उकाड्याने.

घोडबंदरकर
मग केगेल करा, म्हणजे लघवी रोखायचे स्नायू आवळायचा व्यायाम, रोज शंभर.

नेरूळचा_बाबा
काका, थांबा. आत लघवी उरत असेल तर नुसतं आवळून काय होणार? ताई, उकाड्यानेही पाय जड होतात, पण लघवीत जंतू झाले तरी तसंच होतं. ऑडिट गेलं उडत, उद्याच लघवीच्या रुटीन आणि कल्चर (जंतू शोधायच्या) तपासणीला नमुना द्या. ताप आला तर तेवढंही थांबू नका. शिवाय लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत मोजतात, न्यूरोवाल्यांना तेही विचारा. ते कळल्याशिवाय लघवी धरायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. माझ्या बायकोच्या आत बरीच उरायची. आता दिवसातून चारदा स्वतःच नळी घालून काढते. पहिल्या दिवशी रडली होती, आता ऑफिसातही करते.

पॅडचं राहिलं. पाळीचा रक्तासाठी असतो, लघवीचा लोंढा त्याला आवरत नाही. मेडिकलमध्ये ‘लघवीचा पॅड’ असंच मागा, नाहीतर तो डायपरचं बंडल हातात ठेवतो. पर्समध्ये एक जास्तीची सलवार ठेवा.

काढाप्रेमी
जंतूंवरही काढा चालतो.

कळवेकरीण
बाबा, नमुना उपाशीपोटी द्यायचा का?

नेरूळचा_बाबा
गरज नाही. लॅबची निर्जंतुक बाटली घ्या, सुरुवातीची थोडी सोडून मधल्या धारेचा द्या. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी.