येऊरच्या जंगलातील नैसर्गिक गुहांच्या पाहणीसाठी परवाना : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यातील काही गिर्यारोहक येऊरच्या जंगलातील नैसर्गिक गुहा आणि कपारी रीतसर पाहून त्यांचे नकाशे तयार करू इच्छितो. बेसॉल्टच्या थरांमधला मऊ खडक झिजून झालेल्या अशा कपारी चुनखडीतल्या गुहांइतक्या लांब नसल्या, तरी त्यांची नोंद व्हायलाच हवी, असे आम्हांला मनापासून वाटते.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि त्याच्या कलम २८ नुसार वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठीच मुख्य वन्यजीव रक्षक प्रवेशाचा परवाना देऊ शकतात. आमच्यासारख्या हौशी गटाचा अर्ज संशोधनात बसतो का, की एखाद्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाचे पत्र जोडावे लागते? अर्ज बोरिवलीच्या उद्यान कार्यालयामार्फत पाठवावा की थेट नागपूरला, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे?

वटवाघळांची पिल्ले लहान असताना आत शिरणे आम्हांला मुळीच मान्य नाही. तसे हमीपत्र सोबत द्यावे का? असा परवाना प्रत्यक्ष मिळवलेल्यांनी अर्जाचा मसुदा आणि लागलेला कालावधी कळवावा, ही विनंती.