प्रीमियम ब्रँडऐवजी स्कोडा सुपर्ब २.० पेट्रोल: पाच माणसांच्या कुटुंबासाठी कशी?

प्रश्न

एकाच बजेटमध्ये दोन वापरलेल्या गाड्या समोर आहेत. पहिली तिसऱ्या पिढीची सुपर्ब: २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), २२० पीएस, पुढच्या चाकांवर ड्राइव्ह, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ७८,००० किमी. दुसरी तिच्याहून तीन वर्षं जुनी बीएमडब्ल्यू ३२८आय: एन२० इंजिन, ९५,००० किमी. वर्षाला साधारण १५,००० किमी, त्यातलं निम्मं हायवेवर. गाडी पाच वर्षं ठेवायची आहे. बोनेटवरच्या लोगोचं आकर्षण नाही. मागची सीट ऐसपैस हवी, आत शांतता हवी आणि ओव्हरटेकला दम हवा. सुपर्ब घेतली तर कशावर पाणी सोडावं लागेल? घेण्याआधी काय तपासू?

प्रतिसाद १

माणसं पाच असतील तर सुपर्बच. व्हीलबेसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात) फरक फक्त ३१ मिमीचा (२,८४१ आणि २,८१०), पण मागच्या सीटवर पाय ठेवायच्या जागेत तो कितीतरी जास्त जाणवतो. सुपर्बचं इंजिन आडवं आहे, त्यामुळे गाडीच्या लांबीतला मोठा वाटा केबिनला मिळतो. बीएमडब्ल्यूत इंजिन उभं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, म्हणजे जागा तिथेच खर्ची पडते. सुपर्बची डिकी ६२५ लिटर, बीएमडब्ल्यूची ४८०. मधल्या माणसाच्या पायाशी उंचवटा मात्र दोन्हीकडे आहे.

पाणी सोडावं लागेल ते दोन गोष्टींवर. ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुढच्या दोन चाकांवर येतो; ओल्या रस्त्यावर वळून जोरात निघालात तर चाकं घसरतात आणि स्टिअरिंग हाताला ओढतं. दुसरी म्हणजे रांगत्या ट्रॅफिकमधली सफाई. ३२८आयच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) असल्यामुळे ती लोण्यासारखी सरकते. डीएसजी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बारीक हिसके देतो.

एन२० बद्दल सावध राहा. २०१५ पूर्वीच्या या इंजिनांत टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइल पिकअपच्या जाळीत अडकतात. ऑइल प्रेशर पडलं की पूर्ण इंजिन जातं. गाइड आणि चेन बदलल्याचा कागद नसेल तर ती गाडी मी तरी सुचवणार नाही.

प्रतिसाद २

शांतता हवी असेल तर आधी चाकं बघा. २३५/४० आर१९ टायरची साइडवॉल ९४ मिमी, २१५/५५ आर१७ ची ११८. हे २४ मिमी रबर खड्ड्याचा दणका गिळतं आणि रिमही वाचवतं. १९ इंची चाकं असतील तर १७ ची घ्या. बाहेरचा व्यास जवळपास तोच, स्पीडोमीटर बिघडत नाही.

मागच्या टायरवरून तळहात फिरवा. टायरचे रबरी ठोकळे करवतीसारखे लागले तर 'घूंऽऽ' आवाज तिथूनच येतोय, बेअरिंगचा खर्च करू नका. पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) मागचे रबरी बुश फाटले असतील तर ब्रेक मारताना गाडी किंचित इकडेतिकडे होते. बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवे टायरही एका बाजूने खाल्ले जातात.

प्रतिसाद ३

सुपर्बच्या इंजिनाची दुखरी जागा म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं एकत्र मॉड्यूल. ते इनटेक मॅनिफोल्डखाली असल्यामुळे गळती पटकन दिसत नाही. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी पाहा, आणि टॉर्च मारून गुलाबी वाळलेले ओघळ शोधा. गळत असेल तर नुसती सील बदलून भागत नाही, कारण हाउसिंगच वाकलेलं असतं. पूर्ण मॉड्यूल बदला. कूलंट कंपनीच्या स्पेसिफिकेशनचाच भरा, वरून साधा हिरवा ओतू नका.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरून १,००० किमीनंतर पुन्हा मोजा. कंपनीची कमाल मर्यादा अर्धा लिटर आहे, पण निरोगी इंजिन त्याच्या जवळपासही जात नाही. इंजेक्टर फक्त सिलिंडरमध्ये असलेल्या आवृत्तीत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण पेट्रोल व्हॉल्व्ह धुतच नाही. थंड इंजिन सुरू होताना थरथरलं तर आधी प्लग आणि कॉइल तपासा, मग बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह.

प्रश्नकर्ता

आभार. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये डीएसजीचं ऑइल बदलल्याची नोंद दिसत नाही. सोडून द्यावी का?

प्रतिसाद ३

लगेच सोडू नका. या वेट क्लचच्या (तेलात बुडालेले क्लच असलेल्या) डीएसजीचं ऑइल दर ६०,००० किमीला बदलायचं असतं, म्हणजे १८,००० किमी उशीर झालाय. गिअरबॉक्स पूर्ण गरम करून चढावर दोन-तीनदा रांगत निघा, मग रिव्हर्समध्येही. थरथर किंवा धक्का आला तर नको. सुरळीत असेल तर ताबडतोब ऑइल आणि फिल्टर बदला, साधारण सव्वापाच लिटर लागतं. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना ओव्हरफ्लो नळीतून बघतात, आणि हे तापमान स्कॅनरवरच वाचायचं. गरम गिअरबॉक्सवर पातळी धरली तर ऑइल फुगलेलं असतं. थंड झाल्यावर ते कमी भरतं आणि क्लच तापतात. शेवटी स्कॅनरनेच क्लचचं अडॅप्टेशन (गिअरबॉक्सला क्लचची जुळणी नव्याने शिकवणं) करून घ्या.