मदत हवी आहे: पिंजरा दारातून निघत नाही, पक्षी हलवायचे कसे?

घाईत_आहे
नदीचं पाणी वाढतंय, रात्रीपर्यंत घर सोडायला सांगतील. पिंजरा खोलीतच जोडला होता, दारातून जात नाही. पक्षी खोक्यातून नेले तर चालतील का? लवकर सांगा. लांबण नको.

दाणापाणी
कोणते पक्षी? किती? वाहन कोणतं, प्रवास किती तासांचा, मुक्काम कुठे?

घाईत_आहे
पोपट आहेत हो. लहानमोठे मिळून अकरा. खोकं चालतं का, एवढंच विचारलंय.

दाणापाणी
"लहानमोठे" म्हणजे काय? बजी ३५ ग्रॅमचा, आफ्रिकन ग्रे ४५० ग्रॅमचा. पहिल्याला पुठ्ठा पुरतो, दुसरा त्याच पुठ्ठ्याचा दहा मिनिटांत भुगा करतो.

घाईत_आहे
६ कॉकेटिएल, ४ बजी, १ ग्रे. छोटी कार आहे, आम्ही चौघं. दोन-अडीच तासांचा रस्ता.

निळीचोच
आता बोलता येईल.

बजी आणि कॉकेटिएलना पुठ्ठा चालेल. चार बजी एका खोक्यात, कॉकेटिएल दोन-दोन, आणि ज्यांची जोडी जमते तेच एकत्र. पक्षी वळताना शेपूट दुमडू नये एवढीच लांबी-रुंदी हवी. खोकं फार मोठं झालं तर ब्रेक लागल्यावर पक्षी भिंतीवर आपटतो. तळाला बाहेरून चिकटपट्टी उभी-आडवी दोन्ही मारा, कारण विष्ठेने तळ भिजला की आधी तोच सुटतो. भोकं पेन्सिलीच्या जाडीची, समोरासमोरच्या दोन बाजूंना. एकाच बाजूला पाडली तर हवा खेळत नाही. आत जुना टॉवेल अंथरा. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. उंच दांडी नको, झोपाळा, घंटी, काचेची वाटी काहीच नको.

ग्रेसाठी मांजराचं प्लास्टिकचं कॅरिअर, लोखंडी जाळीच्या दाराचं. दाराला वरून केबल टाय. खटका त्याला उघडता येतो.

अभ्रा_झिंदाबाद
एवढा घोळ कशाला? उशीचे अभ्रे घ्या. एक पक्षी, एक अभ्रा, वर गाठ. अकरा पक्षी पाच मिनिटांत घराबाहेर. कॅरिअर नसलेल्या प्रत्येकाने हेच करावं.

निळीचोच
दारापासून गाडीपर्यंत अभ्रा उत्तम. अडीच तासांसाठी मुळीच नाही. कापड अंगाला चिकटतं, नख्या अडकतात, पाऊस लागला तर ओलं कापड नाकपुड्यांवर बसतं. आणि गाडीत कोणी अभ्र्यावर दुसरी पिशवी ठेवली की संपलं. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे हलावं लागतं. छाती दाबली की तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो.

अभ्रा_झिंदाबाद
मी कुठे म्हटलं वर पिशवी ठेवा? पूर आल्यावर खोकी शोधत बसणार का?

निळीचोच
पाणी अजून घरात शिरलेलं नाही. वेळ आहे म्हणून सांगतोय. घरात धूर असता तर मीही अभ्राच म्हटलं असतं.

मुक्त_पंख
पिंजऱ्याचं दार उघडून द्या. निसर्गात त्यांचं ते बघतील. कैदेत ठेवायचे आणि संकटात खोक्यात कोंबायचे, हे पटत नाही.

दाणापाणी
पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला दाणा वाटीत असतो एवढंच ठाऊक असतं. एवढा छोटा पक्षी दीड-दोन दिवस उपाशी राहिला तरी मरू शकतो. घारी-कावळे त्याच्या आधीच गाठतील. वादळी वाऱ्यात तर परतीची दिशाही सापडत नाही. पक्षी पाळावेत की नाही, यावर वेगळा धागा काढा.

कात्री
आधी सगळ्यांचे पंख कापा. मग एकही हातचा जाणार नाही.

निळीचोच
आज नको. घाईत कापताना वाढतं पीस कापलं गेलं तर नळीतून रक्त वाहतं. शिवाय पंख कापलेला कॉकेटिएल वारा मिळाला तर तरंगत लांब जातोच. पकडण्याआधी खिडक्या लावा, पंखा बंद करा, त्याने जास्त फरक पडेल.

कात्री
दोन-तीन पिसं दोन्ही बाजूंची सारखी कापली तर काही होत नाही. उगाच भीती घालू नका.

घाईत_आहे
भांडणं नंतर. पकडायचे कसे? ग्रे टॉवेल दिसला की चावतो.

दाणापाणी
खोली अंधारी करा. अंधारात पोपटांना जवळजवळ दिसत नाही, ते जागीच बसतात. मंद टॉर्चने कोण कुठे आहे ते बघा, टॉर्च बंद करा, मग हात घाला. टॉवेल मागून पाठीवर. अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना, तर्जनी डोक्यावर. दुसऱ्या हाताने पाय. छातीवर काहीही नाही.

ग्रेला सर्वांत आधी पकडा. बाकीच्यांची आरडाओरड ऐकली की तो तापतो. मग बजी. कॉकेटिएल शेवटी, आणि एकानंतर एक लगेच, कारण अंधारात ते एकदम भडकून पिंजऱ्याच्या सळ्यांवर धडकतात. एखाद्याचं ब्लड फेदर, म्हणजे नळीत रक्त असलेलं वाढतं पीस, तुटलं तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून दोन-तीन मिनिटं धरा.

पिंजरामिस्त्री
पिंजरा "खोलीतच जोडला" म्हणताय म्हणजे बोल्टने ना? मग उलगडा की! पाना घ्या, चार बाजू सपाट होऊन कारच्या टपावर जातील.

घाईत_आहे
बोल्ट गंजलेत. दोन तुटले, बाकी हलत नाहीत. शिवाय आत पेटी टांगलेली आहे, पिल्लं आहेत.

दाणापाणी
पिल्लं?! हे आता सांगताय?

घाईत_आहे
अकरामध्ये धरली नव्हती. कॉकेटिएलची तीन. डोळे उघडलेत, पिसांच्या नळ्या दिसतायत.

निळीचोच
म्हणजे साधारण दोन आठवड्यांची. पेटी तशीच काढा, भुसा बदलू नका. आईबाप आधी बाहेर काढून वेगळ्या खोक्यात ठेवा. हलत्या पेटीत ते पिल्लं तुडवतात. पेटीच्या तोंडात कापडाचा बोळा, हवेची भोकं मोकळी. निघण्याआधी अन्नपिशवी बघा. गळ्याखाली फुगीर असेल तर अडीच तास काही भरवायची गरज नाही.

ऊब ३० अंशांच्या आसपास. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून एकाच बाजूला टेकवा, म्हणजे तापलं तर पिल्लांना दुसरीकडे सरकता येईल. मान लांब करून धापा टाकतायत तर जास्त झालं, एकमेकांवर ढीग करून कुडकुडतायत तर कमी. पोचल्यावर पेटी आणि आईबाप लगेच एकत्र. ते भरवत नसतील तरच पिल्लांना भरवायची पावडर पाण्यात कालवून, ३९ ते ४१ अंश, थर्मामीटरने मोजून. ४३ च्या पुढे अन्नपिशवी भाजते. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग अन्न. गार पिल्लाच्या पोटात अन्न पुढे सरकत नाही, आंबतं.

चिमणराव_नव्हे
कोणीच बोललं नाही म्हणून: नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याची वाफ पक्ष्यांना मिनिटांत मारते.

अभ्रा_झिंदाबाद
पुराचा धागा आहे. तवा कुठून आला?

चिमणराव_नव्हे
जिथे जातील तिथे स्वयंपाक होणारच ना? वीज गेली तर जनरेटर लागेल, त्याचा धूर. पक्ष्यांच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, जोडीला हवेच्या पिशव्या. विष आपल्या आधी त्यांना चढतं. खाणीत कॅनरी याचसाठी नेत, ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत. गाडीतला सुगंधी डबाही काढून टाका.

दाणापाणी
मुद्दा बरोबर आहे, वेळ चुकली. धागाकर्ते, मुक्काम कुठे ते अजून सांगितलं नाहीत.

घाईत_आहे
नातेवाईकांकडे. मोठी खोली देतायत. त्यांच्याकडे जाळी पडून आहे, तिचा पिंजरा करू म्हणतो. मांजर आहे पण शांत आहे.

दाणापाणी
शांत मांजर असं काही नसतं. मांजराच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे बारीक ओरखडाही एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेतो. दाताचा-नखाचा ठिपका दिसला तरी त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. खोलीला कडी लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल.

पिंजरामिस्त्री
जाळी गॅल्व्हनाइज्ड असेल तर त्यावर जस्त असतं. पोपट चोचीने खरवडतात आणि जस्ताची विषबाधा होते. व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासून धुतली तर सुटे कण कमी होतात, पूर्ण जात नाहीत. चार दिवस बजींना चालेल. ग्रेला नाही, त्याला कॅरिअरमध्येच ठेवा आणि दिवसातून दोनदा बंद खोलीत सोडा. बजींसाठी जाळीची फट १२ मिमीपेक्षा जास्त नको, डोकं अडकतं.

निळीचोच
दाणा दोन आठवड्यांचा घ्या: बजी १० ग्रॅम रोज, कॉकेटिएल २०, ग्रे ५०. तुमचा हिशेब तीन किलोच्या आत बसतो, पिल्लांमुळे अर्धा किलो वाढवा. घट्ट झाकणाच्या डब्यात. ओलसर दाण्याला बुरशी येते. गाडीत पाण्याची वाटी नको, काकडीची फोड ठेवा. पुराच्या पाण्याने वाट्याही धुवायच्या नाहीत. पायातल्या कड्यांचे नंबर आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये.

कॉकीप्रेमी
माझा कॉकेटिएल पिसं झाडतोय, अंडं द्यावं का?

दाणापाणी
वेगळा धागा.

घाईत_आहे
सहा खोकी झाली. ग्रे आत गेला, चावला. पेटी पुढच्या सीटवर ठेवू का?

निळीचोच
नको, एअरबॅग उघडली तर चेंदामेंदा. मागच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवर, सपाट. ग्रेचं कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे पायापाशी, खोकी मागच्या दोघांच्या मध्ये पट्ट्याने बांधून. डिकीत एकही नाही. एसीचा झोत अंगावर नको, वर सुती चादर, एक बाजू उघडी.

घाईत_आहे
निघतोय. कॉर्नफ्लॉवर बॅगेत टाकलंय.

दाणापाणी
बॅगेत नको. पेटी धरणाऱ्याच्या खिशात.