पिरानेसीचे तुरुंग: चूक नव्हे, हेतू

पिरानेसी या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं पर्स्पेक्टिव्ह (सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचं तंत्र) कच्चं होतं म्हणून त्याच्या काल्पनिक तुरुंगांच्या चित्रांतले जिने कुठेच पोचत नाहीत, असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. बाप पाथरवट, मामा व्हेनिसमध्ये इंजिनिअर, शिवाय नेपथ्याचं शिक्षण! रोमच्या इमारतींची त्याची एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रं) बघा, हात किती पक्का होता ते कळेल.

त्याहून मोठा पुरावा तुरुंगांच्या या चित्रमालिकेच्या दोन आवृत्त्यांचा. पहिली १७५० च्या सुमाराची, १४ चित्रांची. रेषा मोकळ्या, भराभर ओढलेल्या. १७६१ साली त्याने तेच तांब्याचे पत्रे पुन्हा काढले, सुईने नव्या रेषा कोरल्या, आम्लाने त्या खोल खाऊ दिल्या. दोन चित्रं नवी घातली. चुका सुधारायच्याच असत्या तर ही आयती संधी होती. त्याने उलट गुंता वाढवला: आणखी जिने, तुळया, साखळ्या, गडद काळोख.

सातव्या चित्रातला, साखळदंडांचा उचलता पूल असलेला भाग दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून पाहा. गोल बुरुजाला वळसे घालत चढणारा जिना, त्यावर मुंगीएवढी माणसं. दुसऱ्या आवृत्तीत मागची मोकळी जागाही कमानींनी भरून गेलीये. छताचा पत्ता नाही. माझ्या मते दुसरी आवृत्तीच सरस.