‘खासगीपणा हवा तर अंगठे वापरा’ म्हणणाऱ्यांना

कातरवेळ

‘गूगलमुक्त फोन’ या धाग्यावर बिनतारी यांचा प्रतिसाद होता: “ग्राफिनओएस टाकायचं, गूगल हाकलायचं आणि मग ‘बोलून टाइप होत नाही’ म्हणून तक्रार करायची, हे मला समजत नाही. कीबोर्डला माइकची परवानगी द्यायचीच नाही. खासगीपणा हवा तर अंगठे वापरा.” (ग्राफिनओएस म्हणजे गूगलच्या सेवांशिवाय चालणारी, अँड्रॉइडवर बेतलेली प्रणाली.) खाली ‘सहमत’ अशा अर्थाच्या +१ ची रांग. ते वाचून आलेला राग अजून गेलेला नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मला संधिवात आहे. सांधे सुजलेले असतात तेव्हा फोन हातात धरणंच जड जातं, मग जोडाक्षरं टाइप करणं तर सोडाच. डॉक्टरांना, बहिणीला मी माझ्या दुखण्याबद्दल, औषधांबद्दल जे कळवते ते कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवरून जाऊ नये असं मला वाटतं. यात हट्ट कुठे आला? ज्याला बोलूनच लिहावं लागतं त्याला खासगीपणाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण मजकुराबरोबर त्याचा आवाजही जातो.

आणि बोलून टाइप करायचं तर आवाज बाहेर जाणारच, हे आता खरं राहिलेलं नाही. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्परची, म्हणजे बोललेलं लिहून काढणारी, मॉडेलं खुली केली. त्यांतली लहान मॉडेलं फोनवर चालतात. फ्युटो व्हॉइस इनपुट हे बोलून टाइप करायचं अ‍ॅप त्यांवरच चालतं. ग्राफिनओएसमध्ये प्रत्येक अ‍ॅपची नेटवर्कची परवानगी वेगळी काढून घेता येते. मॉडेल एकदा उतरवून घ्यायचं, मग नेटवर्क काढून टाकायचं. माइक आहे पण बाहेरची वाट नाही, तर तो आवाज जाणार कुठे?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल त्या धाग्यावर एक अक्षर नाही. ही सगळी सोय इंग्रजीसाठी उत्तम आहे. मराठीत बोललं की लहान मॉडेलं हिंदीच्या वळणावर जातात, क्रियापदं बदलतात, काही वेळा वाक्यच्या वाक्य गाळतात. व्हिस्परच्या मूळ प्रबंधात ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवल्याचं दिलं आहे. त्यात मराठी बोलणं मराठीत उतरवलेला भाग एक तासही भरत नाही. चर्चा करायची तर यावर करा.

बिनतारी

माझ्या नावाने धागा निघाला म्हणून उत्तर देतो. संधिवाताबद्दल मला माहीत नव्हतं, आणि तो प्रतिसाद तुम्हाला उद्देशून नव्हता. पण मत तेच आहे.

२०१९ आठवा. बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीने गूगल असिस्टंटची हजाराहून अधिक रेकॉर्डिंग मिळवून ऐकली. त्यांतली १५३ तर कोणी हाक मारलेली नसताना झालेली होती. लोकांच्या घरातलं, झोपायच्या खोलीतलं बोलणं कंत्राटी माणसं ऐकत होती. त्याच उन्हाळ्यात सिरीबद्दलही तसंच बाहेर आलं. ते वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की मी सांगेन तेव्हाच माइक चालू होतो.

आता ‘नेटवर्क काढलं की झालं’ याबद्दल. एकाच प्रोफाइलमधली (फोनवरच्या एकाच कप्प्यातली) अ‍ॅप्स परस्पर संमतीने एकमेकांशी बोलू शकतात, हे ग्राफिनओएसवाले स्वतःच सांगतात. जीबोर्डचं, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचं, नेटवर्क काढलं आणि शेजारी नेटवर्कसकट गूगल प्ले ठेवलं, तर तुम्ही नक्की काय अडवलं? इथले निम्मे लोक तेच करून निश्चिंत बसलेले आहेत. म्हणून सरसकट सांगतो, माइक नको.

कातरवेळ

जीबोर्डचा मी उल्लेखही केलेला नाही. माझ्या प्रोफाइलमध्ये गूगल प्ले नाही. कीबोर्ड हेलीबोर्ड आहे, त्याला इंटरनेटची परवानगीच नसते. तुम्ही दुसऱ्यांच्या चुकीच्या मांडणीवरून मला उत्तर देताय. आणि ‘सरसकट सांगतो’ हीच तर अडचण आहे. सरसकट सल्ल्यात माझ्यासारखी माणसं मावत नाहीत.

खडूफळा

फ्युटोचं कौतुक चाललंय म्हणून सांगणं भाग आहे. तो मुक्त स्रोत नाही. प्रोग्रामची संहिता (कोड) वाचता येते, पण परवान्यात व्यावसायिक वापरावर बंधनं आहेत. मुक्त सॉफ्टवेअरसाठी राबणाऱ्यांनी इतकी वर्षं जे सांभाळलं ते ‘संहिता दिसते ना, मग झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सेबोर्ड हे बोलून टाइप करायचं अ‍ॅप वापरा, ते व्हॉस्क या आवाज ओळखणाऱ्या प्रणालीवर चालतं आणि परवाना स्वच्छ आहे. हिंदी, गुजरातीची मॉडेलं आहेत. मराठीचं नाही, हे मान्य.

कातरवेळ

म्हणजे स्वच्छ परवान्यासाठी मी गुजरातीत बोलू का?

ओसरी

मूळ विषय बाजूला ठेवून एक सांगते. बोलून टाइप करणाऱ्यांचे मी आभार मानते, कारण ते निदान मजकूर पाठवतात. आमच्या गटात लोक लांबलचक व्हॉइस मेसेज टाकतात. मला एका कानाने कमी ऐकू येतं. काय म्हटलंय ते कळायला तीच फीत पुन्हा पुन्हा लावावी लागते, आणि कामाची ओळ शेवटी असते. आवाज रेकॉर्ड करून पाठवताना कुणाला खासगीपणा आठवत नाही, आवाजाचा मजकूर करताना मात्र आठवतो!

निवडुंग

दोन्ही बाजूंना न आवडणारं लिहितो. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला, बोलणं अडखळतं. त्यांच्या फोनवर मी फोनमध्येच चालणारं एक अ‍ॅप बसवलं, नेटवर्क बंद. खासगीपणा शंभर टक्के. एकदा त्यांनी आत्याला निरोप पाठवला, त्यात ते बोललेच नव्हते असं एक अख्खं वाक्य होतं. ते बोलताना थांबतात, तेव्हा त्या शांततेत यंत्राने स्वतःच काहीतरी रचलं होतं. आत्या घाबरून रात्री फोन करत बसली.

मग शोधलं. व्हिस्परवर २०२४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात साधारण १ टक्का फितींत कुणी न उच्चारलेला मजकूर सापडला, आणि वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं बिघडणं) असलेल्या माणसांच्या फितींत हे प्रमाण अधिक निघालं. म्हणजे ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्या बाबतीतच यंत्र जास्त चुकतं. आवाज बाहेर गेला नाही एवढ्यावर समाधान मानू नका. मजकूर खरा आहे का, तेही बघा. आम्ही आता एक नियम केलाय, वडिलांचा मजकूर कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही. यात त्यांचा आमच्यापासूनचा खासगीपणा गेला, आणि ते त्यांच्या मनाला लागतं. मलाही.

मूळाक्षर

कातरवेळ, तुम्ही तक्रार अचूक मांडलीत आणि उपायापाशी थांबलात. मराठीचे तास कमी आहेत, मग ते येणार कुठून? लोकांनी वाचलेली वाक्यं गोळा करणारा मोझिलाचा कॉमन व्हॉइस प्रकल्प २०१७ पासून चालू आहे, त्यात मराठी आहे. खातं न उघडताही वाक्यं वाचून देता येतात. मी देते. इथल्या किती जणांनी दिलीत? खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी आवाज द्यायचा नाही, आणि मॉडेलला मराठी येत नाही म्हणून पुन्हा त्यांनीच ओरडायचं, हे चालणार नाही.

बिनतारी

हे फार झालं. कॉमन व्हॉइसचा संच सीसी-शून्य परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही, कशासाठीही वापरावा. उतरवून घेणाऱ्याकडून ‘बोलणाऱ्याची ओळख शोधणार नाही’ असं वचन घेतात, आणि वचन मोडणाऱ्याला अडवणारं कोणी नाही. एकदा प्रती पसरल्या की परत घेता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये व्हॅल-ई हे आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं, त्याला नक्कल करायला ३ सेकंदांचा नमुना पुरतो. पासवर्ड बदलता येतो. गळा कसा बदलाल? ज्या माणसांनी सगळं आयुष्य सांभाळून वापरलं त्यांना तुम्ही ‘फुकटे’ ठरवताय.

मूळाक्षर

‘फुकटे’ हा शब्द तुमचा, माझा नाही. पण लागला असेल तर विचार करा का लागला. तुमचा आवाज प्रत्येक फोनवर, प्रत्येक समारंभाच्या व्हिडिओत आधीच आहे. ३ सेकंद मिळवायला कुणाला कॉमन व्हॉइसची गरज नाही.

बिनतारी

दहा ठिकाणी गळतंय म्हणून अकरावं भोक आपणच पाडायचं, हा युक्तिवाद मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक जाहिरात कंपनीकडून ऐकतोय. तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.

खडूफळा

भांडण थांबवा, दोघांनीही अर्धंच सांगितलंय. नुसतं वाक्य वाचून दाखवण्याने बोलणं ओळखणारं यंत्र तयार होत नाही. वाचताना आपण सगळे प्रमाण भाषेत, सावकाश, एका सुरात वाचतो. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने इंडिकव्हॉइसेस हा संच केला, २२ भाषांचा, त्यात मराठी आहे. त्यातलं बहुतांश बोलणं उत्स्फूर्त आहे, वाचलेलं नाही. त्याच गटाची आवाज ओळखणारी मॉडेलंही खुली आहेत. तास आता आहेत. अडलंय ते पुढे: ही मॉडेलं साध्या माणसाच्या कीबोर्डवरच्या माइकच्या बटणापर्यंत आणायला कोणी बसत नाही. ज्याला प्रोग्रामिंग येतं त्याने आवाज देण्यापेक्षा हे काम हाती घ्यावं.

कातरवेळ

खडूफळा, हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. फ्युटोच्या कीबोर्डमध्ये बाहेरून व्हिस्परचं मॉडेल घालता येतं, तुम्हाला परवाना पटो न पटो. मराठीवर शिकवलेलं व्हिस्पर त्या स्वरूपात आणलं तरी माझ्यासारख्यांचं पुष्कळ काम होईल.

आवाज देण्याबद्दल मी मूळाक्षर यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या सुरात नाही. मागायचा तर विनंती करून मागावा, हिशेब मांडून नव्हे. आणि बिनतारी यांना भीती वाटते ती खरी आहे, तिला कमी लेखू नका.

निवडुंग

मी वडिलांना विचारलं. आधी म्हणाले, माझ्या अशा बोलण्याचा कुणाला काय उपयोग? मी म्हटलं, तुमच्यासारखं बोलणाऱ्यांचाच आवाज हवाय, नाहीतर यंत्र तुमच्या तोंडी वाक्यं घालतच राहणार. त्यांनी नकार दिला. आजारी आवाज जगभर राहू नये म्हणाले. मला वाईट वाटलं, पण पुन्हा विचारणार नाही.

मूळाक्षर

निवडुंग, विचारू नकाच. त्यांच्या नकाराला माझ्याकडे उत्तर नाही. धडधाकट माणसांच्या नकाराला आहे.

बिनतारी

बोलण्याची ओळख फोनवरच होणारी, नेटवर्क काढलेलं, आणि त्या प्रोफाइलमध्ये गूगल प्ले नाही. या तिन्ही अटी पाळणाऱ्याला मी ‘माइक नको’ म्हणणार नाही. तेवढं मागे घेतो, तेही कातरवेळ यांनी मांडणी नीट सांगितली म्हणून. जीबोर्डवाल्यांना लागू नाही. आवाज देण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि ‘धडधाकट’ म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणू नये.

मूळाक्षर

मग उद्या आमच्या आवाजांवर मराठी बोलण्याची ओळख सुधारली, तर ती वापरणार का?

बिनतारी

वापरेन. कोणीही, कशासाठीही वापरावं, याच अटीवर तुम्ही तो आवाज दिलाय. देणाऱ्याने मागाहून हिशेब मागायचा असेल तर परवाना दुसरा निवडावा.

मूळाक्षर

परवान्यात बसतं. पटत नाही.